प्रतिसाद: साउथवेस्ट कॉन्फरन्सचा १९३५ चा हंगाम

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या साउथवेस्ट कॉन्फरन्सची, म्हणजे टेक्सस परिसरातील विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉल संघांच्या गटाची, ओळख १९३८ आणि १९३९ च्या राष्ट्रीय विजेत्यांपुरतीच आहे, असा या विषयावरील चर्चेचा सूर असतो. टेक्सस ख्रिश्चन (१९३८) आणि टेक्सस ए अँड एम (१९३९) या विद्यापीठांची ती अजिंक्य वर्षे मोठी होती यात वाद नाही. परंतु माझ्या मते या कॉन्फरन्सने देशाचे लक्ष खऱ्या अर्थाने वेधले ते १९३५ मध्ये.

त्या वर्षी ३० नोव्हेंबरला फोर्ट वर्थ येथे सदर्न मेथडिस्ट आणि टेक्सस ख्रिश्चन हे दोन अपराजित संघ समोरासमोर आले. चौथ्या सत्रात गुणफलक १४-१४ असा बरोबरीत असताना आणि चेंडू पुढे नेण्याचा शेवटचा, म्हणजे चौथा प्रयत्न उरला असताना, सदर्न मेथडिस्टच्या बॉब फिनलीने चेंडू लाथेने दूर मारण्याचा आविर्भाव करून तो थेट सहकारी बॉबी विल्सनकडे लांबवर फेकला आणि विल्सनने तो झेलून गुणरेषा गाठली. अशा वेळी चेंडू फेकणे हे त्या काळच्या सावध खेळात धाडसच, किंबहुना वेडेपणाच मानला गेला असता! सामना सदर्न मेथडिस्टने २०-१४ असा जिंकला.

सदर्न मेथडिस्ट पुढे रोझ बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात स्टॅनफर्डकडून ७-० असे हरले, तर पराभूत टेक्सस ख्रिश्चनने, ज्यात चेंडूफेकीसाठी प्रसिद्ध सॅमी बॉ होता, शुगर बोल या तशाच सामन्यात लुइझियाना स्टेटला ३-२ असे नमवले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची विद्यापीठ संघांची साप्ताहिक क्रमवारी १९३६ मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्या यादीवरूनच इतिहास मोजणाऱ्यांच्या नजरेतून हा हंगाम सहज निसटतो.