भाटात चिऱ्यांचा बुरूज, सिमेंट न घालता. जमेल का?

चिरेबंदी_पेडणे:
मंडळी, फ्रान्समध्ये गेदलों म्हणून किल्ला बांधतायत, १९९७ पासून, सगळं तेराव्या शतकातल्या पद्धतीने, दगड तिथल्याच जुन्या खाणीचा, लाकूड बाजूच्या जंगलातलं आणि क्रेन म्हणजे मोठं लाकडी चाक, आत माणसं चालतात. व्हिडिओ बघितल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. आमच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, पडक्या घराचे जांभ्या दगडाचे चिरे पडून आहेत, त्यातून दहा फुटी बुरूज करायचाय, फक्त चुन्यात. गवंडी हसतो, म्हणतो एक पोतं सिमेंट घाला नि मोकळे व्हा. कोणी केलंय का?

माडाखाली:
केलंय, आणि फसलोय. विहिरीचा कठडा चुन्यात घेतला, चिरे भिजवलेच नाहीत. कोरडा चिरा पाणी असं ओढतो की चुना धरायच्या आधीच सुकतो, आठवड्याने नखाने खरवडलं तर पिठासारखा भुरभुर. सगळं उतरवलं. दुसऱ्या खेपेला चिरे टाकीत बुडवून ठेवले, बुडबुडे थांबेपर्यंत, आणि बांधल्यावर वर ओली गोणपाटं. आता मजबूत आहे.

घाणीवाला:
आणि घाई करू नको रे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, जाड भिंतीच्या पोटात तो कित्येक महिने मऊच असतो, म्हणून रोज एक-दोन थर, जास्त नाही. गेदलोंवाले हिवाळ्यात काम बंद ठेवतात, ओला चुना गोठला की फुटतो. आपल्याकडे तीच गोष्ट पावसाची. दसऱ्यानंतर धर, मे अर्धा झाला की थांब आणि वर झावळ्या घाल. काटकोनाला दोरी घे, तेरा गाठी, मधे बारा सारखे भाग, ३-४-५ चा त्रिकोण ताणला की झालं.

शंकासुर:
पण शतक कुठलं धरणार? तेरावं म्हणशील तर त्याच सुमाराचं, गोव्याच्या कदंबांच्या काळातलं तांबडी सुर्ल्याचं देऊळ बघ, काळा बेसाल्ट आहे, चिरा नाही. चिऱ्याचा किल्ला बघायचा तर खोर्जुवे, पोर्तुगीजांचा, १७०५ चा. आणि शंभर टक्के जुनं कुठेच नसतं हां, गेदलोंतले कामगारही सेफ्टी शूज घालतात.

चिरेबंदी_पेडणे:
शतक माझ्या आजोबांचं समजा 😄 शूज घालतो. चिरे आजच टाकीत टाकले, बुडबुडे अजून येतायत. शिंपल्यांचा भाजलेला चुना पेडणे-म्हापसा बाजूला कोणाकडे मिळेल काय? पानपट्टीवरच्या पुड्या सांगू नका प्लीज.