प्रति: बालवाडीत आठवडाभर करतात काय?
वर एका ताईंनी लिहिलंय ना की लेकाला विचारलं शाळेत काय केलं तर रोज ‘काही नाही’ म्हणतो, आमच्या वर्गातली पोरंही घरी हेच सांगतात हो! या आठवड्यात सोमवारी मटकी भिजत घातली, मंगळवारी फडक्यात बांधली, बुधवारी मोड बघून एकजण ओरडला, ‘टीचर, मटकीला शेपूट आलं!’ मग शेपटं मोजता मोजता दहापर्यंत आकडे झाले, गुरुवारी उसळ. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ला डहाणूजवळच्या बोर्डीत बालवाडी सुरू केली तेव्हाही आजूबाजूच्या पानं-शिंपल्यांतूनच शिकवायचे की. त्यामुळे ‘काय केलं’ऐवजी ‘आज हात कशाने माखले’ असं विचारून बघा. आणि डब्यात उसळ द्या, आता खाईल बहुतेक :)