स्वस्त स्पीकरमधील घुमणारा आवाज: दोष कसा शोधावा?

प्रश्न: संगणकाला जोडलेले माझे स्पीकर सतत घुमतात आणि व्हॉल्यूमचे बटण फिरवताना खरखरतात. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १: आवाज कमी ठेवून संगणकाकडून येणारी ऑडिओ केबल स्पीकरच्याच टोकाला काढा, कारण लोंबती ठेवलेली केबल अँटेनासारखी वागून दिशाभूल करते. घुमणे थांबल्यास दोष बाहेरचा, बहुधा ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून केबलमार्गे फिरणाऱ्या नको असलेल्या प्रवाहाचा आहे. अर्थिंग मात्र कधीही तोडू नका.

उत्तर २: केबल काढूनही आवाज तसाच राहिला, तर वीजपुरवठ्यातील फिल्टर कपॅसिटर (विजेतील चढउतार सपाट करणारा भाग) तपासा, माझ्या संचात त्याचे डोके स्पष्ट फुगलेले होते. ५० हर्ट्झच्या विजेवर ब्रिज रेक्टिफायरनंतर (एसी विजेचे डीसीत रूपांतर करणाऱ्या भागानंतर) उरणारी लहर १०० हर्ट्झची असते आणि तीच घुमण्यासारखी ऐकू येते. उघडण्यापूर्वी प्लग काढून कपॅसिटर रिकामा होऊ द्यावा.

उत्तर ३: खरखर हा निराळा दोष असून बटणामागच्या कार्बन पट्टीवर धूळ बसल्याने तो उद्भवतो. वीज बंद असताना थोडे कॉन्टॅक्ट क्लीनर (विद्युत जोड साफ करणारे द्रव) फवारून बटण वीसेकदा फिरवा.