जीएम पिकांना परवानगी: कागद कंपनीचा, शिक्का सरकारचा?

काळी_कसदार:
नियमनावर कंपन्यांचा प्रभाव म्हटलं की चर्चा लगेच लाचेवर जाते. आपल्याकडची रचनाच अशी आहे की लाच द्यायची गरज पडत नाही. १९८९च्या नियमांनुसार जनुक बदललेल्या, म्हणजे जीएम, पिकाचा अर्ज आधी अर्जदाराच्या स्वतःच्या जैवसुरक्षा समितीपुढे जातो. तिच्यात जैवतंत्रज्ञान विभागाचा एक प्रतिनिधी असतो. तिथून तो त्या विभागातल्या आरसीजीएम या तपासणी समितीकडे आणि शेवटी पर्यावरण मंत्रालयाच्या जीईएसी या समितीकडे जातो. शेतातल्या चाचण्या दोन टप्प्यांत होतात. पहिल्यात एका ठिकाणी जास्तीत जास्त एक एकर, दुसऱ्यात अडीच एकर. उंदरांना ९० दिवस खाऊ घालून विषारीपणा तपासतात, ॲलर्जीची तपासणी वेगळी. हे सगळं अर्जदार स्वतः करतो किंवा पैसे देऊन करवून घेतो. समितीपुढे येतो तो त्याने बांधलेला दस्तऐवज. समितीची स्वतःची प्रयोगशाळा नाही.

बीटी वांग्याचं, म्हणजे अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या वांग्याचं, उदाहरण घ्या. महिको या बियाणे कंपनीच्या वाणाला जीईएसीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी हिरवा कंदील दिला. त्याआधी चाचण्यांची मूळ आकडेवारी लोकांपुढे यायला माहिती अधिकाराची लढाई आणि सर्वोच्च न्यायालयाचा २००८चा आदेश लागला. पुढे तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला होती. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी स्थगिती दिली, तेव्हा बहुतेक चाचण्या कंपनीनेच केल्या आहेत, हा आक्षेप त्यांनी निर्णयात लिहून ठेवला. ती स्थगिती अजून आहे आणि चाचण्यांची पद्धतही तीच आहे. माझी मागणी एवढीच, की चाचणीचा पैसा अर्जदाराने सरकारी खात्यात भरावा आणि प्रयोगशाळा सरकारने निवडावी.

तिफण:
अर्जदाराने चाचणी करून आकडे द्यायचे, ही पद्धत औषधांना लागू आहे आणि कीटकनाशकांनाही. जीएमसाठी कोणी वेगळी चोरवाट काढलेली नाही. आणि कंपनीच्या मुठीत सरकार होतं म्हणता, तर २०१६ समजावून सांगा. केंद्राने कापूस बियाण्याच्या दरावर नियंत्रण आणलं आणि बोलगार्ड-२ या मोन्सँटोच्या बीटी कापसाची ट्रेट फी, म्हणजे जनुकाच्या वापराचे पैसे, पाकिटामागे साधारण १६३ रुपयांवरून ४९वर आणली. २०१८ला ३९, २०१९ला २०, आणि २०२०ला शून्य. त्याच २०१६ साली मोन्सँटोची इथली भागीदार असलेल्या महिकोने तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचा, म्हणजे पुढच्या पिढीच्या वाणाचा, अर्ज मागे घेतला. जगातल्या सर्वांत मोठ्या बियाणे कंपन्यांपैकी एकीची फी सरकारने चार वर्षांत पुसून टाकली. हा प्रभाव म्हणायचा का?

नुकसान कुणाचं झालं तेही पाहा. अर्ज गेला, वाण मात्र आलं आणि चोर बीटी म्हणून पसरलं. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून दाखवलं. बाकीच्यांनी गुपचूप पेरलं. त्या पाकिटावर उत्पादकाचं खरं नाव नसतं, लॉट नंबर नसतो, दुकानदार बिल देत नाही. बियाणं उगवलं नाही तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे न्यायला लागतात बिल, टॅग, रिकामी पिशवी आणि थोडं शिल्लक बियाणं. यातलं काहीच हातात नसतं. शिवाय त्यात साधं बीटी मिसळलेलं असतं. ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं की तेवढी झाडं जळतात आणि ओळीत खांडण्या पडतात. नियमन अडून बसलं की असा बाजार उभा राहतो, आणि त्या बाजाराला कोणावर प्रभाव टाकायची गरजच नसते.

सरकी:
ट्रेट फीचा हिशेब अर्धाच मांडलात. उरलेला मी मांडतो, कारण कंपन्यांचा प्रभाव नेमका त्या अर्ध्यात आहे.

४५० ग्रॅमचं बोलगार्ड-२चं पाकीट २०१५ला महाराष्ट्रात ८३० रुपयांना होतं. २०१६ला केंद्राचा दर आला ८०० रुपये. फी ११४ रुपयांनी उतरली आणि शेतकऱ्याला मिळाले ३०. बाकीचे बियाणे कंपन्यांकडे राहिले. २०१९ला पाकीट ७३०, त्यात फी २०. २०२०ला फी शून्य झाली, पाकीट ७३०च राहिलं. म्हणजे ते २० रुपये जसेच्या तसे देशी बियाणे कंपनीच्या वाट्याला गेले. २०२१ला पाकीट ७६७ झालं. फी उतरत होती त्या वर्षांत मोन्सँटो आणि नुझिवीडू ही देशी बियाणे कंपनी यांच्यात पेटंटवरून कोर्टात लढाई चालू होती, आणि फी कमी व्हावी म्हणून देशी कंपन्यांची संघटना सरकारकडे सतत जात होती. परदेशी कंपनी हरली, देशी कंपन्या जिंकल्या. शेतकऱ्याचं नाव दोन्ही बाजूंनी घेतलं. कंपनी म्हटलं की फक्त मोन्सँटो आठवते, ही आपल्या चर्चेची चूक आहे.

काळी_कसदार:
सरकी, हिशेब मान्य. तिफण, चोर बीटीबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. त्यात एक भर घालतो: त्या शेतात तुरीची ओळ घेता येत नाही, ग्लायफोसेटने ती आधी मरते. विदर्भात कपाशीत तूर असते ती घरच्या डाळीसाठी.

पण मूळ मुद्द्याकडे येऊ. समितीने कंपनीला जो प्रश्न विचारलाच नाही, त्याची किंमत मोठी पडली. २६ मार्च २००२ रोजी मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या तीन वाणांना मंजुरी मिळाली. तिन्ही संकरित. इतर देशांत बीटी कापूस मुख्यतः सरळ वाणांतून आला, म्हणजे ज्यांचं घरचं बियाणं पुन्हा पेरता येतं. भारतात संकरितातून आला, कारण संकरिताचं बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. आता जीवशास्त्र बघा. संकरित झाडाला बीटी जनुक एकाच पालकाकडून मिळालेलं असतं. त्यामुळे झाडाची पानं विषारी असली तरी बोंडातल्या सरक्यांत जनुकाची वाटणी होते. एका जनुकाच्या बोलगार्डमध्ये चौथा हिस्सा सरक्या विषाविना असतात, दोन जनुकांच्या बोलगार्ड-२मध्ये सोळाव्या हिश्श्यात दोन्ही विषं नसतात आणि बऱ्याच सरक्यांत एकच असतं. गुलाबी बोंडअळी सरकीच खाते. ती एकाच बोंडात बिनविषारी, अर्धी विषारी आणि पूर्ण विषारी सरकी चाखत वाढते. प्रतिकारशक्ती घडवायला याहून सोयीची शाळा नाही.

यावर उतारा म्हणून आश्रय ओळींची अट होती: भोवताली पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते, साधा कापूस लावायचा, म्हणजे प्रतिकारशक्ती नसलेल्या अळ्याही टिकतात. त्यासाठी पाकिटात १२० ग्रॅमची वेगळी पुडी. ती बहुतेकांनी बांधावर फेकली. पुडीतलं वाण कधी मुख्य वाणाच्या आगेमागे फुलणारं, कधी उगवण कमी. फुलोरा जुळला नाही तर साध्या झाडावरचा पतंग आणि बीटीवरचा पतंग यांचा संकर होतच नाही, मग पुडी लावून उपयोग काय? शिवाय अट पाळली का, हे पाहायला शेतात कोणी गेलं नाही. त्यात लांब मुदतीची वाणं आणि पाणी असेल तिथे फरदड (वेचणीनंतर तेच पीक पुढे राखणं), म्हणजे अळीला वर्षभर अन्न. २०१० मध्ये मोन्सँटोनेच गुजरातच्या चार जिल्ह्यांत बोलगार्ड निष्प्रभ झाल्याचं कळवलं. काही वर्षांत बोलगार्ड-२ची पाळी आली. २०१७ला आपल्याकडे डोमकळ्यांनी, म्हणजे अळीमुळे न उमललेल्या फुलांनी, शेतं भरली.

संकरितच का, सरळ वाण का नको, हा प्रश्न २००२ला विचारण्याचं काम जीईएसीचं होतं. अर्ज संकरिताचा आला, म्हणून तपासणी संकरिताची झाली. अजेंडा कोण ठरवतो, यालाच मी प्रभाव म्हणतो.

तिफण:
सरकीतल्या जनुकांची वाटणी तुम्ही नीट मांडलीत. पण सगळा दोष त्यावर टाकता येणार नाही. चीनमध्ये यांगत्झे खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरिताची दुसरी पिढी पेरली. त्यामुळे शेतातच चौथा हिस्सा झाडं बिनबीटीची आली, आणि तिथे प्रतिकारशक्ती वाढायची थांबून उलट कमी झाली. आश्रय आपोआप मिळाला, पुडी लागली नाही. अमेरिकेने बीटी कापूस आणि नपुंसक पतंग सोडणं एकत्र चालवून २०१८ला गुलाबी बोंडअळी संपल्याची घोषणा केली. तंत्र तेच होतं. आपल्याकडे बियाण्यातच मिसळलेला आश्रय आणायला इतकी वर्षं का लागली, याचं उत्तर कृषी खात्याकडे मागा.

सरकी:
त्याचं उत्तर खात्याइतकंच उद्योगाकडेही आहे. मिसळलेल्या पाकिटाची नवी तपासणी, नवा साठा, नवं छापील पाकीट, हे सगळं बियाणे उत्पादकाला करायचं होतं.

हिशेबनीस:
सगळे बियाण्यावर अडकलेत. प्रभाव सर्वांत उघड दिसला तो २०२१च्या सोयापेंडीत. पेंडीचे दर वर्षभरात दुपटीहून वर गेले होते. पोल्ट्री उद्योगाने मागणी केली आणि २४ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्राने जीएम सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयातीला मोकळी केली. अडचण होती जीएमची. पर्यावरण मंत्रालयाने म्हटलं, पेंडीत जिवंत जीव नाही, ती उगवणार नाही, तेव्हा पर्यावरणाच्या बाजूने हरकत नाही. जो निर्णय एरवी वर्षानुवर्षं अडतो, तो पीक निघायच्या तोंडावर झाला. लातूरला ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीन दहा हजारांच्या आसपास होतं. सप्टेंबर संपता संपता त्यातला मोठा हिस्सा गेला. त्या हंगामाचा हमीभाव ३,९५० होता.

आणि याच्या वर्षभर आधी, २१ ऑगस्ट २०२०ला, अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २४ पिकांच्या आयातीला जीएममुक्त असल्याचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं होतं, एक टक्क्याच्या मर्यादेसह. माणसाच्या ताटासाठी एक नियम, कोंबडीच्या खाद्यासाठी वाट मोकळी.

तिफण:
हिशेबनीस, पोल्ट्रीवाला म्हणजे फक्त मोठा उद्योग नव्हे. करारावर शेड चालवणारे हजारो शेतकरी त्यात आहेत. खाद्याचा दर दुप्पट झाला की पक्षी कमी टाकले जातात आणि पहिला फटका शेडवाल्यालाच बसतो. एका शेतकऱ्याच्या बाजूने दुसऱ्याला मोजू नका. विज्ञानाच्या दृष्टीनेही पेंड उगवत नाही, हे बरोबरच होतं.

हिशेबनीस:
उगवत नाही, हे बरोबर. पण मग ते २०२१च्या आधी बरोबर नव्हतं का? तर्क जुना होता, निकड नवी होती. मला एवढंच दाखवायचं आहे.

आणि लेबलचं काय? १ जानेवारी २०१३ पासून वजनमापाच्या नियमांत जीएम माल असलेल्या पाकिटावर तसं छापायची सक्ती आली. देशात पिकणाऱ्या कापसात बीटीचाच भरणा, आणि सरकीचं तेल फरसाणापासून तळणापर्यंत सगळीकडे. किराणा दुकानात असं लेबल शोधून दाखवा.

धुरकरी:
लाचेची गरज नाही, असं सुरुवातीला म्हटलंय. गरज नसेल, पण प्रकार घडला आहे. इंडोनेशियात २००२ला बीटी कापसासाठीची पर्यावरण अभ्यासाची अट काढावी म्हणून पर्यावरण मंत्रालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला ५०,००० डॉलर दिले गेले. २००५ला मोन्सँटोने अमेरिकी सरकारला १५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. अट मात्र निघाली नव्हती. अमेरिकेत तर सरळ माणसंच इकडून तिकडे जातात. मायकेल टेलर आधी मोन्सँटोची बाजू पाहणाऱ्या वकिली संस्थेत, १९९१ला अन्न-औषध प्रशासनात धोरण उपायुक्त, जीएम अन्नाचं धोरण १९९२चं, मग मोन्सँटोत उपाध्यक्ष, आणि २००९ला पुन्हा त्याच प्रशासनात.

तिफण:
मग सरकारी जीएमला विरोध कशासाठी? डीएमएच-११ मोहरी दिल्ली विद्यापीठाने केली, पैसा राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा आणि जैवतंत्रज्ञान विभागाचा. जीईएसीने ऑक्टोबर २०२२ मध्ये शिफारस केली. यात कंपनी कुठे आहे?

काळी_कसदार:
कंपनी नाही, हितसंबंध आहे. पैसा देणारा विभाग आणि पहिली मोठी तपासणी करणारी आरसीजीएम एकाच छपराखाली, आणि जीईएसीचं सहअध्यक्षपदही त्याच विभागाकडे. २०१३च्या नियामक प्राधिकरणाच्या विधेयकातही सगळा कारभार विज्ञान-तंत्रज्ञान मंत्रालयाकडे जाणार होता, ते लोकसभेसोबत बाद झालं. मोहरीवर २३ जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मत वेगळं पडलं. पण तज्ज्ञांचे हितसंबंध तपासले जावेत, यावर न्या. नागरत्ना आणि न्या. करोल दोघांचं एकमत होतं. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये मंत्रालयाने सदस्यांनी हितसंबंध जाहीर करण्याच्या नियमाचा मसुदा काढला. जाहीरनामा समितीच्या कपाटात राहिला तर व्यर्थ. तो बैठकीच्या विषयपत्रिकेसोबत संकेतस्थळावर दिसला पाहिजे.

तिफण:
त्याला माझा विरोध नाही. तुमच्या स्वतंत्र प्रयोगशाळेला आहे, तोही व्यवहाराच्या कारणाने. खाऊ घालण्याच्या चाचणीत जीएम वाणाशेजारी त्याच वाणाचं जनुक न बदललेलं बियाणं तुलनेला लागतं. ते फक्त अर्जदाराकडे असतं. म्हणजे नमुना शेवटी त्याच्याच हातून येणार.

काळी_कसदार:
तो प्रश्न बियाणे कायद्याने १९६६लाच सोडवलाय. निरीक्षक नमुना घेतो, त्याचे तीन भाग करून सील करतो: एक विक्रेत्याला, एक प्रयोगशाळेला, एक स्वतःकडे. इथेही चाचणीच्या प्लॉटची काढणी होताना जीएम आणि तुलनेचं, दोन्ही बियाण्यांचे तीन-तीन सीलबंद भाग करा. प्रयोगशाळेला नुसता संकेतांक द्या, कोणतं जीएम ते सांगूच नका. निकालावर वाद झाला तर तिसरा भाग फोडा.

तिफण:
हे चालेल. पण मग मुदतही बांधा. संपूर्ण आकडेवारी ९० दिवस लोकांपुढे ठेवा आणि त्यानंतरच्या ९० दिवसांत हो किंवा नाही, कारणांसह. नाहीतर तुमचे सीलबंद नमुने कपाटात राहतील आणि जूनमध्ये बिनबिलाची पाकिटं पुन्हा विकली जातील.

काळी_कसदार:
मुदत मान्य. मुदतीत निर्णय झाला नाही तर अर्ज आपोआप मंजूर, असं कलम मात्र चालणार नाही.

तिफण:
आणि आपोआप नामंजूरही नको. ते मला चालणार नाही.