गळा कुणाचा, चेहरा कुणाचा? तुमचे अनुभव लिहा

खिडकीतली:
काल माळा आवरताना मिली व्हॅनिली या पॉप जोडीची कॅसेट सापडली. कव्हरवर ते दोघे, लांब बारीक वेण्या, रुंद खांद्यांची जाकिटं. बहिणीने पोस्टरही लावलं होतं. फेब्रुवारी १९९० मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं, आणि नोव्हेंबरात निर्माता फ्रँक फारियाननेच सांगून टाकलं की हे दोघे रेकॉर्डवर गायलेलेच नाहीत. ग्रॅमी काढून घेतलं. बहीण ढसाढसा रडली. मी कॅसेट ऐकत राहिले, गाणी तर तीच होती ना!
लेकीने विचारलं, "मग खरं गायलं कोण?" मला एक नाव आठवेना. पोस्टरवरच्या दोघांची नावं मात्र झोपेतून उठवलं तरी सांगेन. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. पॉपमध्ये चालतं काय, गळा की चेहरा आणि जाहिरात? स्वतःचं काही असेल तर लिहा.

भैरवीनंतर:
ब्रॅड हॉवेल, चार्ल्स शॉ, जॉन डेव्हिस. सांग लेकीला. कपडे वाळत घालतेय, सविस्तर नंतर.

उंबरफूल:
त्याआधीचा बोनी एम हा ग्रुप पण आठव. तिथल्या पुरुषाचा आवाज याच फारियानचा, नाचायचा दुसराच. बाबा सुधारला नाही.

मागचीरांग:
आमच्या बँडमध्ये गायचे मी. डेमो ऐकून एका कंपनीच्या माणसाने बोलावलं. दारातून आत गेले तर तो माझ्या मागे बघतोय, अजून कोणी येतंय का म्हणून. "गाणारी कुठाय?" म्हटलं, मीच. मग अर्धा तास माझे केस, वजन, दात. गाण्याबद्दल एक शब्द नाही. शेवटी म्हणाला, आवाज तुमचा ठेवू, समोर कुणीतरी उभं करू. उठून आले. आता मुलांना गाणं शिकवते, मजेत आहे. पण तो मागे बघितलेला क्षण काही जात नाही.

चुकलेलाठेका:
@मागचीरांग 🙏
माझ्याकडे गळाही नाही आणि चेहराही नाही, त्यामुळे माझ्यावर कधी अन्याय झाला नाही.

भैरवीनंतर:
आले. मागचीरांग, गायिका मार्था वॉशबद्दल वाच. ब्लॅक बॉक्स या डान्स ग्रुपच्या गाण्यांत आवाज तिचा, व्हिडिओत ओठ हलवणारी मॉडेल. सी अँड सी म्युझिक फॅक्टरी या दुसऱ्या ग्रुपच्या १९९० च्या हिटमध्ये पुन्हा तेच. बाई कोर्टात गेली तेव्हा कुठे तडजोड झाली. पार्श्वगायनात निदान नाव तरी येतं गं.

फेडरवाला:
साउंडवर काम करतो, म्हणून दुसरी बाजू. जिने धावत चढा आणि शेवटच्या पायरीवर सूर लावून दाखवा. दीड तास नाचणाऱ्या माणसाला खालून आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकचा आधार दिला की लोक लगेच 'फसवणूक' म्हणतात. नाच, नजर, गर्दी हातात ठेवणं हीसुद्धा कलाच. एकदा ट्रॅक मध्येच बंद पडला तर मुलगी हसली आणि नुसत्या टाळीवर गाणं पूर्ण केलं. अंगावर काटा. आणि एक होता, तो सरळ आत पळाला 😄

उंबरफूल:
कोण ते सांग ना

फेडरवाला:
पोट आहे हो मला.

तिसरीघंटा:
२००६ मध्ये साल्गानिक, डॉड्स, वॉट्स या संशोधकांनी प्रयोग केला होता. १४,००० च्या आसपास लोक, अनोळखी बँडची ४८ गाणी. काही गटांना आधीच्यांनी काय उतरवून घेतलं ते दिसायचं. तर दर गटात वेगळंच गाणं डोक्यावर घेतलं गेलं. फार चांगली सहसा बुडाली नाहीत, टाकाऊ सहसा तरली नाहीत, मधल्यांचं काहीही झालं. मी मधला. माझ्या गाण्याला २१२ व्ह्यूज, त्यातले दीडशे माझेच.

कोरीफीत:
अवांतर, पण ती कॅसेट लगेच लावू नका. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर प्लेअरचं हेड खराब होतं.

खिडकीतली:
प्लेअरच नाहीये 😀 पेन्सिलीने गुंडाळून ठेवलीय.

कोरीफीत:
षटकोनीच ना? गोल पेन्सिल नुसती फिरते.

शांतवेळ:
सुझन बॉइल कुणी कशी आणली नाही? २००९, वय ४७, 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' या टीव्ही स्पर्धेत गायला स्टेजवर आली तेव्हा प्रेक्षकांतले ते कुत्सित चेहरे. मी रडले होते बघताना. नंतर चिडले, कारण 'अशी दिसते आणि तरी गाते' हेच तर विकलं त्यांनी! देखण्या बाईने तेच गायलं असतं तर आपण क्लिप पुढे ढकलली असती का? (आणि अंतिम फेरीत जिंकला नाचाचा ग्रुप.)

मागचीरांग:
शांतवेळ, हे झोंबलं. खरंय.

उंबरफूल:
मिली व्हॅनिलीच्या दोघांतला रॉब १९९८ मध्येच गेला. पस्तिशीही गाठली नाही. शिव्या त्यांनी खाल्ल्या, फारियान नंतरही रेकॉर्ड काढत राहिला.

खिडकीतली:
हो ना. वाईट वाटतं. बहिणीला लिंक पाठवलीय.

खिडकीतलीचीबहीण:
खास खातं काढून आलेय. मी ढसाढसा नव्हते रडले. आणि ती कॅसेट माझी आहे.