तेयार द शार्दां यांचं नूस्फिअर : विज्ञान की श्रद्धा?

मातीवेडा : मंडळी, सध्या तेयार द शार्दां यांचं मुख्य पुस्तक ‘द फेनॉमेनन ऑफ मॅन’ वाचतोय. लेखकाचा जन्म १८८१, जेझुइट या कॅथलिक संघाचे फ्रेंच पाद्री आणि त्यात पुन्हा जीवाश्मांचे अभ्यासक. त्यांचं म्हणणं साधारण असं की आधी नुसते दगड, मग त्यावर जीवसृष्टीचा थर, आणि माणूस आला तसा विचारांचा आणखी एक थर, तेच नूस्फिअर, तो दाट होत जाऊन शेवटी सगळी मनं ओमेगा पॉइंटला, म्हणजे उत्क्रांतीच्या अखेरच्या बिंदूला, जुळणार. वाचताना अंगावर काटा येतो, पण याला विज्ञान म्हणायचं का?

गाळाचा_खडक : मी जिऑलॉजीवाला, म्हणून आधी हे सांगतो की माणूस फील्डवर्कमधला पक्का होता. बीजिंगजवळ झोउकोउदियानला १९२९ मध्ये पेकिंग मॅनची, म्हणजे एका प्राचीन मानवाची, कवटी मिळाली त्या टीमचे ते भूवैज्ञानिक सल्लागार, आणि १९३५ ला आपल्याकडे येऊन नर्मदा खोऱ्यातले गाळाचे थरही पाहून गेलेत. पण उत्क्रांतीला ठरलेली दिशा आहे असं ते म्हणतात, ते थरांत कुठे दिसत नाही हो. नैसर्गिक निवडीला पुढचा मुक्काम माहीत नसतं, जे त्या वेळी तगलं ते राहिलं, बस. जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९६१ मध्ये या पुस्तकावर कडक टीका केली ती मला पटते. दुसरे जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सलींनी मात्र इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना लिहिली, तेही देवाला न मानणारे असून!

सांजवारा : दादा, मुद्दा बरोबर आहे, पण हा विचार आला कुठून तेही बघा ना. पहिल्या महायुद्धात ते स्ट्रेचर उचलायचे, जखमी आणि मेलेली पोरं वाहून नेत होते, आणि तिथेच त्यांनी माणसं एकत्र येण्याबद्दल लिहायला घेतलं. मला ते फार मोठं वाटतं. चर्चने मुख्य पुस्तक छापायची परवानगी शेवटपर्यंत दिली नाही तरी त्यांनी जेझुइट संघ सोडला नाही. १९५५ ला ईस्टरच्याच दिवशी न्यूयॉर्कला वारले, पुस्तक त्यानंतर आलं.

मातीवेडा : स्ट्रेचरचं माहीत नव्हतं, थँक्स ताई. मग मी ते विज्ञान म्हणून नाही, एका भूवैज्ञानिकाची प्रार्थना म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचतो. युद्धातलं त्यांचं काय वाचू आधी?

सांजवारा : चुलत बहिणीला खंदकांतून लिहिलेली पत्रं. त्यात ओमेगा वगैरे जवळपास नाही, चिखल आहे आणि माणसं आहेत.