कलकत्ता कस्टम्स: ध्यानचंदांना ऑलिम्पिकपेक्षा क्लबची मॅच का मोठी वाटली?

सेंटरहाफ
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे. ध्यानचंदांनी आपल्या आठवणींत लिहिलंय की आयुष्यातली सगळ्यात भारी मॅच कुठली असं कुणी विचारलं तर ते १९३३ च्या बेटन कपची (कलकत्त्याची जुनी क्लब स्पर्धा) फायनल सांगतील, झाशी हीरोज विरुद्ध कलकत्ता कस्टम्स. म्हणजे बघा, तोवर अॅमस्टरडॅम आणि लॉस एंजेलिसची दोन सुवर्णपदकं घरात होती, पुढे बर्लिनला जर्मनीला ८-१ ने हरवलं, आणि तरी हा माणूस एका क्लबच्या मॅचचं नाव घेतो! झाशी हीरोज हा तर त्यांचा स्वतःचाच क्लब, ते कळतं. पण ही कस्टम्स टीम कोण होती? कस्टम खात्याची टीम इतकी तगडी कशी काय असेल? आपल्याकडे हॉकीवर लिहिणारे ऑलिम्पिकच्या पलीकडे जातच नाहीत, क्लबांबद्दल मराठीत जवळपास काहीच सापडत नाही. कुणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

गवतावरचा
छान विषय काढलात. आधी त्या मॅचबद्दल. कस्टम्सकडे तेव्हा शौकत अली, असद अली, सीमन, डीफहोल्ट्स, मोहसिन असे एकापेक्षा एक प्लेयर होते, त्यातले शौकत अली आणि सीमन तर १९२८ च्या ऑलिम्पिक संघातले. उलट झाशीची टीम पोरसवदा, ध्यानचंद, त्यांचा भाऊ रूपसिंग आणि मुंबईच्या जीआयपी रेल्वेकडून खेळणारा इस्माईल सोडला तर मोठं नाव नाही. कस्टम्सवाले झाशीच्या गोलवर चढून बसले होते, आता गोल होणार असं वाटत असतानाच ध्यानचंद बॉल घेऊन सुटले आणि मधूनच लांब थ्रू पास दिला इस्माईलला. तो अर्धं मैदान पळत गेला, कस्टम्सचा लेफ्ट हाफ आणि गोलकीपर यांच्यात 'तू घे, मी घेतो' झालं, तेवढ्यात याने बॉल आत टाकला. १-०, बस्स, तेवढाच गोल. ऑलिम्पिकमध्ये तेव्हा आपल्यासमोर कोण होतं हो? लॉस एंजेलिसला अमेरिकेला २४-१ हरवलं. अशा मॅचमध्ये माणसाचा कस लागत नाही. कस्टम्ससमोर लागायचा. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच, त्या काळात जगातली सगळ्यात अवघड हॉकी ऑलिम्पिकमध्ये नाही तर कलकत्त्याच्या 'मैदान' नावाच्या मोठ्या पटांगणावर आणि मुंबईच्या आगाखान कपमध्ये खेळली जायची.

लोहमार्ग
@सेंटरहाफ कस्टम खात्याची टीम भारी कशी, याचं उत्तर नोकरीत आहे. कस्टम्स, रेल्वे, पोर्ट, तारखातं, या खात्यांत इंग्रजांच्या काळात अँग्लो-इंडियन लोकांची भरती मोठ्या प्रमाणावर व्हायची आणि त्यांच्या शाळांमध्ये हॉकी अगदी लहानपणापासून. पोरगा शाळेतून स्टिक घेऊन बाहेर पडला की सरळ खात्याच्या टीममध्ये. पगार सुरू, संध्याकाळी प्रॅक्टिसला मोकळीक, आणि मैदानावर समोर पोर्ट कमिशनर्स, बीएनआर (बंगाल नागपूर रेल्वे), रेंजर्स अशा टीम. रोज तुल्यबळ माणसाशी गाठ! बेटन कप १८९५ पासूनचा आणि आगाखान १८९६ पासूनचा, म्हणजे १९२८ ला आपण पहिल्यांदा ऑलिम्पिकला गेलो तेव्हा ही सगळी व्यवस्था तीस वर्षं मुरलेली होती. त्या १९२८ च्या टीममध्ये अर्ध्याहून जास्त अँग्लो-इंडियन होते. गोलकीपर रिचर्ड अॅलन बंगालकडून खेळायचा पण जन्म आपल्या नागपूरचा, अख्ख्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही पठ्ठ्याने. नागपूरकरांना तरी हे माहीत असायला पाहिजे, खरंच.

उजवीकडून
कस्टम्सचा विषय निघाला आणि लेस्ली क्लॉडियसचं नाव नाही, असं कसं चालेल! बिलासपूरचा जन्म, खरगपूरला बीएनआरमध्ये होता आणि खेळायचा फुटबॉल. एकदा हॉकीच्या प्रॅक्टिस मॅचला एक माणूस कमी पडला, डिकी कार (हा १९३२ चा ऑलिम्पियन) म्हणाला ये रे तू उभा राहा. तिथून जो सुटला तो दोनच वर्षांत लंडन ऑलिम्पिकला. १९४८, ५२, ५६ सुवर्ण आणि १९६० ला कॅप्टन म्हणून रौप्य. पुरुषांच्या हॉकीत तीन सुवर्ण एक रौप्य हा विक्रम फक्त त्याचा आणि हॉकीपटू उधमसिंगचा. यातली बरीच वर्षं कस्टम्सकडून खेळला, नोकरीही तिथेच. राइट हाफला खेळायचा, उंचीने लहानखुरा, पण अंगाला अंग न लावता समोरच्याचा बॉल काढून घ्यायचा म्हणतात. हाफची जागा ही हॉकीतली सगळ्यात कष्टाची जागा, फॉरवर्डच्या मागे पळायचं, बॅकच्या मदतीला यायचं, आणि पेपरात नाव मात्र गोल करणाऱ्याचं. अशा जागेवर खेळून माणूस एवढा मोठा होतो याचं मला फार अप्रूप आहे. त्याचा मुलगा बॉबीसुद्धा १९७८ चा वर्ल्ड कप खेळला, पण नंतर अपघातात गेला बिचारा.

सेंटरहाफ
वा, अगदी हवं तेच मिळालं, सगळ्यांचे आभार. मग हे सगळं गेलं कुठे? आणि @गवतावरचा, एक शंका, तेव्हा ऑफसाइड (समोरच्यांच्या गोलजवळ आधीच जाऊन उभ्या असलेल्याला पास देता येत नाही, तो नियम) होता ना? मग अर्ध्या मैदानाचा थ्रू पास चालला कसा?

लोहमार्ग
दोन गोष्टी झाल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास आणि नंतर अँग्लो-इंडियन कुटुंबं मोठ्या संख्येने देश सोडून गेली. जबलपूरचं पीअर्स कुटुंब पर्थला गेलं आणि त्यांच्यातले पाच भाऊ ऑस्ट्रेलियाकडून खेळले, पाच! ऑस्ट्रेलियाची हॉकी पुढे आपल्याच डोक्यावर बसली त्यात या लोकांचा वाटा मोठा आहे. दुसरं म्हणजे टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत. १९७६ च्या माँट्रियलपासून ऑलिम्पिक टर्फवर गेलं, आणि कलकत्त्याचं मैदान पडलं लष्कराच्या ताब्यातलं, तिथे पक्कं काही बांधू देत नाहीत, क्लबांचेसुद्धा तंबूच. मग चांगला पोरगा तिथे कशाला थांबेल? गवतावर कितीही खेळलं तरी टर्फवर बॉल वेगळाच येतो, ट्रॅप करायची, म्हणजे बॉल स्टिकवर थांबवायची, सवयच बदलावी लागते. माझं स्पष्ट मत आहे की प्लेयर संपले नव्हते, त्यांना रोज खेळायला लावणारी क्लबांची साखळी आपण वाऱ्यावर सोडली.

गवतावरचा
ऑफसाइड होता की, तेव्हा तर पुढे समोरच्या टीमची तीन माणसं असावी लागायची, पण स्वतःच्या अर्ध्यात उभा असेल तर लागू नाही. कस्टम्सची टीम पूर्ण वर चढलेली, त्यामुळे पास निघाला तेव्हा इस्माईल आपल्याच बाजूला असणार असा माझा अंदाज, म्हणून तर त्याला अर्धं मैदान पळावं लागलं.